न घातलेला रामराम

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या वाशीत एखाद्यानं हातउसने घेतलेले दोन-चार हजार बुडवले, तर माणसं वर्षभर कुरकुरतात आणि मग सोडून देतात. पण रस्त्यात समोरासमोर गाठ पडून त्यानं रामराम घातला नाही, तर ती थकबाकी पोरासोरांकडं वारशानं जाते. सोयरिकीची बोलणी मुद्द्यावर आलेली असतात, पोरगी पसंत असते, मानपान ठरलेलं असतं, आणि कोपऱ्यातून एखादे आबा विचारतात, "हे त्येच का वो, ज्यांचा आज्जा बाजारात बघून न बघितल्यागत गेलता?" बैठक गप्प होते. आज्जा जाऊन वीस वर्षं झालेली असतात. रामराम अजून येणे असतो.

घातलेल्या रामरामाला मात्र कवडीची किंमत नाही. सकाळी दूध घालायला निघालेला माणूस डेअरीपर्यंत पोचेतो पंचवीस-तीस वेळा हात वर करतो. संध्याकाळी त्यातला एकही कुणाला आठवत नाही. आठवतो तो राहिलेला.

"आज तात्या सरळ निघून गेला. बोलला न्हाई."

"काय तरी झालं आसंल घरी."

"काय न्हाई झालं. पोरगं नोकरीला लागलंय."

कारणमीमांसा संपली. माणूस बदलला, हे आमच्याकडं त्याच्या कपड्यांवरून कळत नाही, घरावरून कळत नाही. हात किती वर गेला, यावरून कळतं.

रामराम आधी कुणी घालायचा, याचा कायदा कुठं छापलेला नाही, पण छापलेल्या कायद्यांपेक्षा तो बरा पाळला जातो. चालणाऱ्यानं हॉटेलात बसलेल्याला घालायचा. मोटारसायकलवाल्यानं चालणाऱ्याला. चारचाकीवाल्यानं सगळ्यांना, आणि तोही काच खाली करून. गाडी जितकी मोठी तितका हात लवकर वर, तरच गाडी माफ होते. काळ्या काचांची गाडी घेणाऱ्याला हे आधी कुणी सांगत नाही. तो बिचारा आतून डावीकडं-उजवीकडं हात जोडत जातो, आणि बाहेरच्या बाकावरचं मत एवढंच, "आत कोण हाय ते दिसंना, पण माजला हाय तेवढं दिसलं."

मोटारसायकलवाल्याची अडचण वेगळी. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, पुढं टाकीवर पेंडीचं पोतं, त्यामुळं हात सुटत नाही. अशा वेळी हनुवटी एकदा झटक्यात वर केली की रामराम धरला जातो. नुसती भुवई उचलली तरी चालतं, पण ती समोरच्याला दिसली पाहिजे. आमच्या भागात लोक हेल्मेट का घालत नाहीत, याचं खरं कारण हे आहे. डोकं वाचवायला डोकं झाकलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. वाहतूक पोलिसाला हा मुद्दा अजून कुणाला पटवून देता आलेला नाही.

बरं, नुसता हात वर करून भागत नाही. तोंडातून काय निघालं, तेही पाहिलं जातं. यातला खरा तज्ज्ञ पाहायचा तर हॉटेलच्या गल्ल्यावर बसलेला मालक पाहावा. (आमच्याकडं चार बाकडी आणि एक स्टो असला तरी ते हॉटेलच.) धोतरवाल्याला "रामराम", गळ्यात तुळशीची माळ दिसली की "जय हरी माउली", लिंगायत वाण्याला "शरणार्थ", महानुभावाला "दंडवत", मुसलमान बागवानाला "सलाम आलेकुम", फटफटीवर झेंडा लावलेल्या पोरांना "जय शिवराय", तहसीलमधल्या माणसाला "नमस्कार साहेब". शाळेतल्या माणसांत तर दोन वर्ग आहेत. निवृत्त झालेल्यांना "नमस्कार गुरुजी" आणि चालू असलेल्यांना "गुड मॉर्निंग सर". यात एकदाही गल्लत होत नाही आणि हे सगळं सुटे पैसे मोजता मोजता चाललेलं असतं.

शेजारच्या भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. जैनांचं हे मोठं सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथंच सल्लेखना घेऊन देह ठेवला. तिकडं निघालेली गाडी चहाला थांबली की मालक "जय जिनेंद्र" म्हणतो आणि खव्याच्या पेढ्याकडं बोट दाखवतो. पण जैनांची खरी नजाकत तिथून पुढं आहे. एकमेकांना जय जिनेंद्र, मुनींना नमोस्तु, आर्यिकांना वंदामि आणि क्षुल्लकांना इच्छामि. ज्याची जशी पायरी तसा शब्द. आमच्या राजकारण्यांनी ही व्यवस्था उचलली असती, तर आजी आमदार, माजी आमदार आणि भावी आमदार या तिघांना एकाच "साहेब"मध्ये कोंबावं लागलं नसतं.

१९४८च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. निजाम गेला, त्याचा "मेहेरबान" मात्र अर्जाच्या पहिल्या ओळीत "मे." होऊन अजून बसलेला आहे. मे. तहसीलदार साहेब. अर्ज पीकविम्याचा असो की पाणंद रस्त्याचा, आधी मेहेरबान म्हणून घ्यायचं. मेहेरबानी नंतर होते, किंवा होत नाही.

या अभिवादनांच्या यादीत एक शब्द आता नाही, आणि नाही ते फार बरं आहे. जोहार. गावकुसाबाहेरच्या माणसानं लांब उभं राहून, कमरेत वाकून तो घालायचा, आणि समोरच्यानं त्याला उत्तर द्यायचं नाही, अशी त्याची रीत. तो राहिला तर गाव नुसतं लक्षात ठेवत नसे, हाडं मोजत असे. आदराच्या गप्पा मारताना हे विसरून चालत नाही, की आपल्याकडच्या पुष्कळशा वाकण्यामागं समोरच्याची काठी होती. मग कामठीच्या बाबू हरदास यांनी १९३०च्या दशकात "जय भीम" रूढ केला आणि हिशोबच बदलला. त्याला वाकावं लागत नाही. मान ताठ ठेवून म्हणायचा, आणि उत्तरही तेच द्यायचं. आजही काही आबा मंडळींना समोरून जय भीम आला की नेमका खोकला येतो. घसा साफ करता करता त्यातून कसाबसा "रामराम" बाहेर पडतो. गल्ल्यावरच्या मालकाला असला खोकला कधी येत नाही. तो खणखणीत "जय भीम" म्हणतो. त्याला चहा विकायचा असतो, हे खरं. पण निदान कशानं तरी घसा मोकळा राहतो.

तर न घातलेल्या नमस्काराची ही जी दीर्घ स्मरणशक्ती आहे, ती वाशीकरांनी स्वतः शोधलेली नाही. तिला आमच्याच जिल्ह्यातल्या संताचा आधार आहे. तेरचे गोरोबाकाका. कथा अशी सांगतात, की संतांचा मेळा जमला होता. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई, सगळे. तिथं नामदेव आले. सगळ्यांनी त्यांना नमस्कार केला. नामदेव म्हणजे पंढरीच्या पांडुरंगाचे लाडके, देव त्यांच्या हातचा नैवेद्य खाणारा. त्यांनी काही उलट नमस्कार केला नाही. थोरले सगळे गप्प बसले. थोरल्यांना असं गप्प बसणं जमतं. मुक्ताबाई वयानं सगळ्यांत लहान, तिला जमलं नाही. ती गोरोबाकाकांना म्हणाली, तुम्ही कुंभार, तुमचं थापटणं घ्या आणि यातलं कुठलं मडकं भाजलंय आणि कुठलं कच्चं आहे ते एकदा बघून सांगा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारायला सुरुवात केली. सगळे मुकाट बसून राहिले. नामदेवांनी मात्र आरडाओरड केली. निकाल लागला: मडकं कच्चं.

आता या माणसाचं पुढचं काम बघा. सगळ्या महाराष्ट्राला कीर्तनात नाचवलं, पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची पदं गुरू ग्रंथ साहिबात गेली. सातशे वर्षं उलटली. तरी गावोगावच्या सप्ताहात कीर्तनकार उभा राहिला की नामदेवांचा तो एक न केलेला नमस्कार दरवर्षी नव्यानं मांडवात येतो. जिथं नामदेवांची थकबाकी निल झाली नाही, तिथं काळ्या काचावाल्याची काय होणार?

याच कथेचा पुढचा भाग आणखी अवघड आहे. कच्चं मडकं ठरलेले नामदेव गुरू शोधत औंढ्या नागनाथाला गेले. बघतात तर विसोबा खेचर देवळात महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून निवांत पडलेले. नामदेव हादरले. म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, म्हातारा झालोय, माझ्यानं हलवत नाही. तूच उचल आणि जिथं देव नाही अशा जागी ठेव. नामदेव पाय उचलून जिथं ठेवतील तिथं पिंड.

कीर्तनकार हे आख्यान रंगवून सांगतात. देव नाही अशी जागाच नाही, असं म्हणताना आवाज वर जातो, टाळ वाजतात, मांडव डोलतो. आणि त्याच क्षणी पुढं बसलेल्या एखाद्या पोराचा पेंगताना पाय लांब होतो आणि पखवाजाला लागतो. मागून आज्जीचा हात येतो आणि पाठीत धप्पकन बसतो. "पाया पड त्येच्या! देव आसतोय त्यात!" पोरगं डोळे चोळत पखवाजाला हात लावतं, छातीला लावतं आणि पुन्हा झोपतं. विसोबांनी जे नामदेवांना शिकवलं, ते शिकायला पोरांना अजून अवकाश आहे. आज्जीला तर शिकायचंच नाही.

पाय लागला की हात लावायचा, हे आमच्या अंगात इतकं भिनलेलं आहे की त्यात डोक्याचा संबंधच उरलेला नाही. एसटीच्या स्टँडवर एकदा बघावं. गाडी लागते, खिडकीतून रुमाल पडतात. रुमाल पडला की जागा झाली, हा आमच्याकडचा सातबारा. पण एकाच सीटवर दोन रुमाल निघाले की दोन्ही मालक दारातून आत घुसतात आणि एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू होतो. अशाच एका भांडणात, आवाज टिपेला असताना, एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला. तोंडात शिवी अर्धी होती. तो थांबला, वाकून समोरच्याच्या गुडघ्याला बोटं लावली, ती बोटं छातीला लावली, ओठ किंचित हलले, आणि मग उरलेली अर्धी शिवी त्यानं पूर्ण केली. ज्याला शिवी बसली त्यानंही मधल्या नमस्काराला "असू द्या" म्हणून मान हलवली होती. मग दोघांनी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं.

शेवटी ती सीट कंडक्टरनं एका लेकुरवाळीला दिली.

गाडी सुरू व्हायच्या आधी ड्रायव्हर पायरीला हात लावतो, स्टेअरिंगला लावतो, समोरच्या फोटोला लावतो, मग किल्ली फिरवतो. बऱ्याच गाड्यांची एकूण अवस्था पाहता हे सोपस्कार फार तांत्रिक स्वरूपाचे आहेत, असं माझं मत आहे. येरमाळा जवळ आलं आणि येडेश्वरीचा डोंगर दिसायला लागला की खिडकीकडच्या माना एका लयीत लवतात. फोनवर बोलणारा फोन दुसऱ्या हातात घेतो, उजवा हात कपाळाला लावतो आणि कांद्याचा भाव तिथूनच पुढं विचारतो. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत याच येडाईच्या भक्तीत हजारो माणसं रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात. ज्या मावशींना गुडघ्यामुळं घरात पाटावर बसवत नाही, त्यासुद्धा त्या रानात उन्हात ओणव्या असतात. त्या दिवशी गुडघ्याचं नाव काढलेलं त्यांना आवडत नाही.

आणि ज्या देवीसाठी एवढं वाकायचं, तिच्याशी बोलताना सगळं एकेरीत. "ये गं माय, बघ गं माझ्याकडं." जनाबाईनं तर विठ्ठलाला शिव्या घातल्या, त्याही गाऊन. अहोजाहो राखून ठेवलेलं आहे ते तलाठी, डॉक्टर आणि जावई या तिघांसाठी. देव रागावत नाही, हे माणसानं पुरतं ओळखलंय.

बाजारपेठेतली भक्ती रोख असते. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाची नोट दुकानदार डोळ्यांना लावतो, तराजूला लावतो, मग गल्ल्यात टाकतो. ही भवानी. तुळजापूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथं भवानीच्या आधी उधार मागणारा माणूस नुसता कफल्लक नसतो, नास्तिकही असतो. "आजून भवानी व्हायचीय, दुपारून या," असं त्याला सांगतात, आणि तोही ओशाळून जातो. हल्ली पहिलं गिऱ्हाईक मोबाईलवरून पैसे धाडतं. नोट नाही, तर डोळ्याला काय लावायचं? पण काउंटरवरचा तो छोटा डबा "बावीस रुपये प्राप्त झाले" असं बोलतो, आणि दुकानदार त्या डब्यालाच हात लावून डोळ्यांना लावतो. कालांतरानं त्याला हळद-कुंकू लागणार, यात शंका नाही. दसऱ्याला काही ठिकाणी लागलंही असेल.

वस्तूंच्या पाया पडणं सोपं आहे. वस्तू पाय मागं घेत नाहीत. माणसाच्या पाया पडणं ही दोघांनी मिळून करायची कामगिरी आहे. तुम्ही वाकायला लागता, तसे आबा खुर्चीतून "असू दे, असू दे, राहू दे बाबा" म्हणतात. आवाजात पूर्ण नकार असतो. त्याच वेळी खाली बघावं. उजवा पाय चपलेतून हळूच बाहेर आलेला असतो आणि वीतभर पुढं सरकलेला असतो. तोंड एक बोलतं, अंगठा दुसरं. शहाण्यानं अंगठ्याचं ऐकावं.

हे वाकणं मात्र दिवसेंदिवस आखडत चाललं आहे. मूळ हिशोब साष्टांगाचा, म्हणजे छाती, डोकं, हात, पाय, गुडघे, वर दृष्टी, वाणी आणि मन अशी आठही अंगं कामाला. पत्रांच्या काळात त्याचं "शि. सा. न. वि. वि." झालं. अख्खा माणूस जमिनीवर आडवा पडायचा, तो "सा" या एका अक्षरात मावला. तिथून उतरंड लागली ती लागलीच. आधी पावलाला हात, मग घोट्याला, मग नडगीला. हल्लीची कॉलेजातली पोरं गुडघ्याशी येऊन थांबतात, हवेत बोटं फिरवतात आणि हात छातीकडं नेतात. एका आजोबांनी असा नमस्कार करणाऱ्या नातवाला विचारलं होतं, "गुडघा काय चाचपतोस? डॉक्टर झालास का?"

कोरोनात तर तेही गेलं. सहा फुटांवरून नुसतं "पाया पडतो वो आबा" असं जाहीर करायचं आणि जागेवर उभं राहायचं. पाया पडणं ही क्रिया होती, तिची घोषणा झाली. त्याच दिवसांत, मार्च २०२०मध्ये, फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ स्पेनच्या राजाराणीला हात जोडताना दिसले. वॉशिंग्टनला ट्रम्प आणि आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर यांनीही हस्तांदोलन टाळून एकमेकांना नमस्कार केला. वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, त्यामुळं त्या दोघांत निदान एकाच्या रक्तात तो होता. टीव्हीवर ते पाहून वाशीतल्या प्रतिक्रियेत आश्चर्य नव्हतं. "हात बरोबर जोडलेत, पण मान वाकवली न्हाई," एवढीच त्रुटी काढली गेली.

वाकणाऱ्याला मिळायचं काय, तर आशीर्वाद. त्यातही काळानं घोळ केला आहे. नव्या सुनेला "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव" म्हणणाऱ्या आज्ज्या अजून आहेत. मनापासून दिलेला आशीर्वाद फळतो म्हणतात. पण सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं, तर कायद्यानं ग्रामपंचायतीचं सदस्यत्व जातं. म्हणजे आशीर्वाद थोडाथोडका नव्हे, चांगला सहा पोरांनी जास्त आहे. घरात सरपंचपदाचा उमेदवार असेल तर सून आज्जीच्या पाया पडायच्या आधी सासरे मधे येऊन सांगतात, "नुसतं 'सुखी ऱ्हा' म्हणा."

लग्नात तर नवरा-नवरीची कंबर हा त्या दिवसाचा सार्वजनिक रस्ता असतो. सगळे तिच्यावरून जातात. चुलते, मावळे, आत्याबाईंचे दीर, गावातले वडीलधारे. ओळखीचे असोत नसोत, "ह्यांच्या पडा, त्यांच्या पडा" असं मागून कुणीतरी ढकलत असतं. आणि अख्खी रांग उरकल्यावर फोटोग्राफर म्हणतो, "नवरदेव, आबांच्या परत एकदा पडा, फोटू हलला." नवरदेव परत पडतो. आबा परत "असू दे, असू दे" म्हणतात. अंगठा परत पुढं.

एवढं सगळं वयाच्या उतरंडीनं चाललेलं असताना आमच्याकडं दोन ठिकाणी गंगा उलटी वाहते. एक म्हणजे भाचा. आमच्याकडच्या अनेक घरांत भाच्यानं मामाच्या पाया पडायचं नसतं. मामाच भाच्याच्या पडतो. साठीचा मामा, पांढऱ्या मिशा, अंगावर पांढरं शुभ्र धोतर, आणि तो सहा वर्षांच्या शेंबड्या भाच्यापुढं वाकतो. भाचा चॉकलेट खात असतो. त्याला यातलं गांभीर्य कळत नाही, पण सत्ता बरोबर कळते. पुढं तो आयुष्यभर मामाच्या घरी दोनदा मागून वाढून घेतो.

दुसरा जावई. त्याची खरी पर्वणी अधिक महिन्यात. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो आणि तो सासऱ्याच्या खात्यावर टाकला जातो. २०२३ला अधिक श्रावण आला होता, २०२६ला अधिक ज्येष्ठ. धोंड्याचा महिना म्हणतात त्याला, पुरणाचे धोंडे करून जावयाला जेवू घालतात म्हणून. जावई म्हणजे या महिन्यापुरता विष्णू. तेहतीस अनारसे, नाहीतर तेहतीस बत्तासे, वर दिवा आणि पाय धुणं. मागच्या महिन्यात ज्याच्याबद्दल "कामाचा न धामाचा, नुसता गाडीवर हिंडतोय" असं याच घरात ठरलं होतं, तो पाटावर बसतो. सासरे तांब्यानं पाणी घालतात, सासूबाई टॉवेलनं पुसतात. विष्णूची नजर मोबाईलमध्ये. अंगठीचा विषय कुणी काढत नाही, पण पाय धुताना सगळ्यांच्या डोक्यात तोच असतो. सासऱ्याचा खरा साष्टांग नमस्कार त्याआधीच सराफाच्या दुकानात, भाव ऐकताना झालेला असतो. त्या वेळी मात्र आठही अंगं कामाला लागतात.

आता राहिला सार्वजनिक मान. याला साहित्य कमी लागतं: शाल, श्रीफळ, टोपी, टॉवेल आणि एक माइक. शाली आमच्याकडं विणल्या जात नाहीत, फिरतात. सत्कारात आलेली शाल पुढच्या सत्काराला जाते, घडी मोडायची नसते. नारळाचंही तसंच, कानाशी हलवून बघितला तर पाण्याऐवजी नुसता खडखडाट ऐकू येतो, म्हणजे बराच प्रवास झालेला आहे. यात वाईट काही नाही. मान वापरायचा नसतो, पुढं द्यायचा असतो.

सगळी ग्यानबाची मेख माइकमध्ये असते. लग्नाची वेळ बारा छत्तीसची. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घामानं निथळत उभे. भटजी घड्याळाकडं बघतायत. आणि माइकवाला स्वागत करतोय, कारण मागून कुणीतरी सारखा चिठ्ठ्या पाठवतोय. "अमुक गावचे माजी सरपंच मांडवात उपस्थित झालेत, त्यांचं हार्दिक स्वागत. सोसायटीचे संचालक. दूध संघाचे माजी संचालक. आमचे मित्र, पाहुण्यांचे पाहुणे." एक वाजून जातो. मुहूर्त टळला तर अक्षता टाकून भरून काढता येतो. नाव टळलं तर ते कशानं भरायचं? म्हणून पत्रिका छापणारेच शहाणे. ते खाली आधीच टाकून ठेवतात, की नजरचुकीनं निमंत्रण राहिल्यास हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं. राहिलेल्या रामरामाचा अटकपूर्व जामीन म्हणतात तो हा. तो अजून कुणाला मंजूर झालेला नाही. ज्यांचं राहतं ते पत्रिका घेऊन फिरतात, ती ओळ लोकांना वाचून दाखवतात, आणि जेवायला जात नाहीत.

हे सगळं आता मोबाईलच्या ग्रुपवर आलं आहे. तिथं एकच चिन्ह आहे, हात जोडलेलं, आणि तेच सगळीकडं चालतं. वाढदिवसाला जोडलेले हात, बारशाला जोडलेले हात, निवडून आला तरी आणि पडला तरी तेच, भावपूर्ण श्रद्धांजलीला तर एकामागं एक दीडशे जोड्या. पूर्वी मातीला न आलेला माणूस "गावाला गेलो होतो" म्हणून सुटायचा. आता निळ्या रेघा उमटतात. वाचलंय, किती वाजता वाचलंय, सगळं दिसतं. आणि हात जोडलेले नाहीत. पुरावा कायमचा. म्हणून माणसं हल्ली वाचायच्या आधी हात जोडतात आणि मग कोण गेलं ते बघतात.

परवा ग्रुपवर निरोप पडला, की दुरुस्तीच्या कामामुळं उद्या सकाळी दहा ते पाच लाइट बंद राहील. पाच मिनिटांत त्याखाली चाळीस जणांनी हात जोडले. कुणी कारण विचारलं नाही, कुणी कुरकुर केली नाही. सर्वांत खाली एका आबांनी, नातवाकडून टाइप करून घेतल्यासारखं, लिहिलं होतं: "भावपूर्ण. पण रात्रीची तरी ठेवा."